सात नंबरखालची वाळू

अठरा बोअरपैकी पाच गाळ आणि अहवाल पुन्हा लिही, असं सरांनी सांगितलं तेव्हा तिला आधी वाटलं, आपल्या ऐकण्यातच काहीतरी चूक झाली.

सर तिचे शिक्षक. माती चिमटीत धरून ओळखायला त्यांनीच शिकवलं आणि पुढे स्वतःच्या सल्लागार कंपनीत नोकरीही दिली. सोळा वर्षं ती त्यांच्यासमोरच्या टेबलाशी बसत होती. मोठं बांधकाम व्हायच्या आधी जमिनीत भोक पाडायचं, खालची माती काढून तपासायची आणि भूकंप झाला तर ही जमीन टिकेल की दगा देईल ते लिहून द्यायचं, हे तिचं काम. बोअर मारणारे तिला मातीबाई म्हणत. तिलाही ते नाव आवडायचं.

या वेळची जागा शहराच्या कडेला होती. तिथे चौदा इमारतींची वसाहत उभी राहायची होती. उत्तरेकडची जमीन घट्ट, कुदळ उडवून लावणारी. दक्षिणेला मात्र वर दोन मीटर भराव आणि त्याखाली नऊ मीटरपर्यंत पाण्यात भिजलेली सुटी वाळू. कधीकाळी तिथून नदी वाहत होती. अशी वाळू एरवी निमूट वजन पेलते. पण जमीन हादरली की पाण्यासारखी पातळ होते, आणि वरची इमारत तिरकी होऊन खचते.

सरांचं म्हणणं, बोअर मारणाऱ्या मिस्त्रीने ते नीट साफ केले नाहीत, तळाची वाळू ढवळली, म्हणून ती आहे त्याहून सुटी दिसली आणि आकडे कमी आले.

"पाचही ठिकाणी?" तिने विचारलं. "आणि नेमकं दक्षिणेलाच?"

सरांनी चष्मा काढून पुसला. आराखडा वरून ठरून आलाय, म्हणाले. लोक अकरा वर्षं घराची वाट बघतायत, त्यांचा तरी विचार कर.

त्या लोकांचा विचार तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती त्यांच्यातच राहत होती. रस्ता रुंद करताना जुनी वस्ती पाडली आणि दोनशे कुटुंबांना तात्पुरतं म्हणून पत्र्याच्या खोल्यांत आणून ठेवलं, त्यातलीच एक खोली तिची आणि तिच्या वडिलांची. आई त्या पत्र्याखालीच गेली. वडील जन्मभर गवंडी. दुसऱ्यांच्या भिंती ओळंब्यात उभ्या करता करता कंबर वाकली. नव्या वसाहतीचा नकाशा त्यांनी चुलीवरच्या भिंतीला चिकटवला होता. सात नंबर, दुसरा मजला. स्वयंपाकघराला खिडकी.

त्या संध्याकाळी तिने त्यांना सगळं सांगितलं. सात नंबर वाळूवर येतो, हेही सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेस," एवढंच ते बोलले. मग चार दिवस अबोला.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. नळावर ती आली की बोलणी थांबायची. शेजारच्या मावशींनी, ज्यांच्या लेकीचा दहावीचा अभ्यास ती घ्यायची, त्यांनी तर तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडे? ती बादली भरून निघून आली. खोलीत येऊन रडली, तोंड धुतलं, आणि अहवालावर सही करणार नाही असं सरांना कागदावर लिहून दिलं.

सरांनी स्वतः सही केली. अहवालात तेराच बोअर होते.

नगर समितीची सुनावणी भरली तेव्हा सभागृह वस्तीतल्या लोकांनी ओसंडून वाहत होतं. सरांनी तेरा बोअरचे आकडे वाचून दाखवले. अध्यक्षबाई विषय मंजूर म्हणायच्या बेतात होत्या, तेवढ्यात ती उठली. बोअर तेरा नव्हते, अठरा होते, ती म्हणाली, आणि उरलेले पाच काय सांगतात तेही तिने सांगितलं. मागून लोक ओरडले, हिला बसवा. ती बसली नाही. सर शांतपणे म्हणाले की ते पाच सदोष होते, कारण काम निष्काळजीपणे झालं होतं.

तेव्हा दाराशी उभा असलेला मिस्त्री पुढे आला. तीस वर्षं तो बोअर मारत होता आणि यंत्र त्याच्या मालकीचं होतं. त्याला सभेत बोलायची सवय नव्हती. त्याने फक्त तिच्याकडे बघून, यंत्र घेऊन यायला तयार आहे अशी मान हलवली.

"मग पुन्हा मारू," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. जागा तुम्ही दाखवा, ठोके तुम्ही मोजा. मी आकड्याला हातसुद्धा लावणार नाही."

एवढ्या लोकांसमोर नाही म्हणणं अध्यक्षबाईंना जड गेलं. दोन दिवसांनी सकाळी नऊची वेळ ठरली.

जागा तिच्या वडिलांनी दाखवली. नकाशा त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी पावलं मोजली, काठी रोवली आणि म्हणाले, सात नंबरचा जिना इथे येतो. मुलीकडे बघितलं नाही.

मिस्त्रीने पाच मीटरपर्यंत भोक नेलं, धुऊन साफ केलं. मग सरांना म्हणाला, साहेब, तुम्हीच बघून घ्या. सर चांगल्या बुटांनिशी चिखलात उतरले. तळ मोजून बघितला, वर आलेलं पाणी बघितलं. बराच वेळ लावला.

"बोअर स्वच्छ आहे," ते म्हणाले.

तिने लोकांना समजावलं: हा घण दर वेळी सारख्याच उंचीवरून पडेल, आणि नळी फूटभर खाली जायला किती ठोके लागतात तेवढंच मोजायचं; ठोके जितके कमी, तितकी माती सुटी. घण पडला. शंभरेक माणसं मोजू लागली. एक. दोन. तीन. चार. सळईवरची खडूची खूण जमिनीला टेकली.

पाचवा आकडा उच्चारायला उघडलेली तोंडं तशीच राहिली.

दुपारी यंत्र उत्तरेला नेलं. तिथे लोक मोजता मोजता थकले. एकतीसवर खूण टेकली.

परत येताना वडील काठीपाशी थांबले. नळीतून निघालेली वाळू त्यांनी तळहातावर घेतली, मूठ आवळली. बोटांमधून पाणी ओघळलं.

"यावर मी न्हाणीघरसुद्धा बांधलं नसतं," ते म्हणाले. मग मावशींकडे आणि बाकीच्यांकडे वळून आवाज चढवला. "सात नंबर मीच रद्द करतो. कुणाला भांडायचं असेल तर माझ्याशी भांडा."

समितीने मंजुरी रोखली. दक्षिणेच्या सहा इमारती आराखड्यातून काढायच्या, उत्तरेला नव्याने आखायच्या. त्याला निदान दोन वर्षं. तिची नोकरी गेली. सरांनी तसा निरोप पाठवला, भेटायला आले नाहीत. तिलाही त्यांची भेट नको होती, तरी टेबल आवरताना तिने दोनदा दाराकडे बघितलं.

वस्तीत सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं असं मुळीच नाही. पत्र्याखाली आणखी दोन उन्हाळे काढायचे म्हटल्यावर कुणाला गोड वाटणार? काहींनी बोलणं टाकलं ते टाकलंच. पण पुढच्या सोमवारी मावशी सकाळीच दारात आल्या. नव्या आराखड्यात काय काय मागायचं ते लिहून दे, म्हणाल्या. तिने दोन पानं लिहून दिली, सोप्या भाषेत.

ती पानं घेऊन साठ माणसं समितीच्या कचेरीत गेली. साहेब बाहेर गेलेत, असं शिपायाने सांगितलं. वडिलांनी पायरीवर फडकं अंथरलं आणि बसले. त्यांच्या मागे सगळेच बसले, तीही. काम कधी सुरू होणार ती तारीख शिक्क्यासकट कागदावर हातात पडली, तेव्हाच ते उठले.