धुराड्यामागची टाकी

घुम्याला लोक घुम्या म्हणत ते काही उगाच नाही. मासे कुठं मिळाले असं कुणी विचारलं, की तो हात फिरवून अख्खा समुद्र दाखवायचा. तसे बंदरावरचे सगळेच या बाबतीत एका माळेचे मणी. आपली माशांची जागा म्हणजे घरातली गोष्ट. बाप ती मुलांना दाखवतो आणि मुलं ती कुणालाच दाखवत नाहीत. तिकडं जाताना होडीवरचं जागा टिपणारं यंत्रसुद्धा बंद करून ठेवतात.

म्हणून तर सरकारचं समुद्राबद्दलचं धोरण आलं तेव्हा गंमत झाली. माशांना अंडी घालायला निवांत जागा मिळावी, यासाठी पाण्याचा एक तुकडा मासेमारीला बंद करायचा, असं ते धोरण. हेतू चांगलाच होता. खात्याची माणसं बंदरावर आली, चहा प्यायली आणि विचारू लागली, "अंड्यांच्या गाभोळीनं भरलेले मासे तुम्हाला कुठं मिळतात?" आता हे कुणी सांगतं का? ज्यानं त्यानं चेहरा गंभीर केला आणि जिथं उभ्या जन्मात शेपूटही दिसलं नव्हतं तिकडं बोट दाखवलं. ओसाड पाणी सगळ्यांच्याच ओळखीचं, त्यामुळे बोटंही एकाच दिशेला गेली. सरकारनं त्या ओसाड पाण्याभोवती मोठ्या मायेनं पिवळे तरंगते बोये बांधले. बंदर कितीतरी दिवस हसत होतं. घुम्यासुद्धा हसला, म्हणजे बघा.

हसली नाही ती एकटी त्याची बहीण. धाकटी त्याच खात्यात नकाशे काढायला होती आणि बंद पाण्याची रेघ तिच्याच हातची होती. मासे खरोखर अंडी घालायला कुठं येतात हे तिला पाठ होतं, कारण बाबांनी लहानपणी दोघा भावंडांना होडीत घालून नेलं होतं. होडीतून किनाऱ्याकडं बघताना बर्फाच्या कारखान्याच्या धुराड्यामागं पाण्याची टाकी बरोबर लपली आणि दुसऱ्या अंगाला दीपगृह टेकडीच्या खिंडीत आलं, की तिथं जाळं टाकायचं. "हे आपल्या तिघांतच," बाबा म्हणाले होते. बाबा गेले आणि उरले दोघं.

ओसाड पाणी राखून मासे वाढायचे थोडेच? उलट वर्षागणिक ते कमी होत गेले. बंदीचा काडीचा उपयोग नाही असं खात्याचं मत झालं आणि धोरणच गुंडाळायचं ठरवण्यासाठी बैठक बोलावली गेली.

बैठकीच्या आदल्या दिवशी धाकटी भावाकडं जेवायला आली.

"दादा, गाभोळीवाले येतात का रे अजून?"

"येतात. थोडे. आणि बारके."

तिनं मान हलवली आणि वहिनीकडं भात मागितला. घुम्या वाट बघत राहिला, की आता ही विचारेल, सांगू का रे साहेबांना? ती विचारेना. तिनं तोंडातून एक शब्द काढला असता तर तिची एवढ्या वर्षांची मेहनत वाचली असती आणि खात्यात नाव झालं असतं ते वेगळंच. पण ही आपली मुकाट जेवत होती. घुम्याला तिचं इतकं कौतुक वाटलं, इतके उपकार वाटले, की काय बोलावं ते सुचेना. मग नेहमीप्रमाणे तो काहीच बोलला नाही.

बैठक लिलावाच्या शेडमध्ये होती. फरशी नुकतीच धुतलेली, खुर्च्यांचे पाय ओले. भिंतीवर नकाशा लावलेला आणि धाकटी पेन घेऊन त्याच्याजवळ उभी. खात्याच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "बंदी उठवण्याआधी कुणाला काही बोलायचं आहे?"

"उठवा की," भोंगा ओरडला. हा घुम्याचा बापजाद्यांपासूनचा प्रतिस्पर्धी. याचं कुजबुजणंही दीपगृहापर्यंत ऐकू जातं. "आमची काही हरकत नाही!" सगळे हसले.

धाकटीनं नकाशाची एक पिन काढली. तिनं भावाकडं बघितलंसुद्धा नाही.

घुम्या उभा राहिला. शेडमध्ये एकदम सामसूम झाली, कारण तो बैठकीत उभा राहिल्याचं कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

"तिथं मासे नाहीतच," तो म्हणाला. "आम्ही सगळे तेव्हा खोटं बोललो. मासे अंडी घालतात ती जागा माझी आहे. माझ्या बाबांची. ती बंद करा." मग तो खुणा सांगू लागला. "बर्फाच्या कारखान्याचं धुराडं धरायचं. त्याच्यामागं पाण्याची टाकी..."

पुढची खूण त्याच्या ओठांवर यायच्या आत धाकटीचं पेन नकाशावर टेकलं. नेमकं त्या जागेवर. तिचं तिलाच कळलं तेव्हा उशीर झाला होता. तिनं हात मागं घेतला, पण निळा ठिपका सगळ्यांनी बघितला.

"थांब," भोंगा म्हणाला. "दुसरी खूण तर याच्या तोंडात आहे अजून. म्हणजे हिला आधीपासून ठाऊक होतं?"

धाकटी गोरीमोरी झाली. "हो, काका."

"खात्यात नोकरी करून? एवढी वर्षं? आणि बोलली नाहीस?"

"घरचं होतं."

भोंगा खुर्ची मागं सरकवून, धोतराबितराचा विचार न करता ओल्या फरशीवरून थेट नकाशापाशी गेला आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "पोरी, दे ते पेन. नाही, तूच धर. माझी जागा जरा दक्षिणेला आहे."

त्याच्या मागं आणखी एक जण उठला. मग आणखी एक. प्रत्येक जण धाकटीच्या कानाला लागून सांगत होता, आणि मोठ्या बाई शहाणपणानं खिडकीबाहेर बघत होत्या.

शेड रिकामी झाली तेव्हा धाकटी नकाशाची गुंडाळी करत होती. तिच्या बोटांना शाई लागली होती.

"दादा, आता तू जाळं कुठं टाकणार?"

"शोधीन एखादी जागा," घुम्या म्हणाला. आदल्या दिवशी जेवताना न बोललेलं त्यानं मग कसंबसं बाहेर काढलं. "तुझे लई उपकार आहेत गं माझ्यावर."

"नवीन जागा सापडली की मला सांगशील?"

"तुलाच सांगीन," तो म्हणाला, आणि गुंडाळीचं दुसरं टोक धरायला वाकला.