चांदभाईंच्या मुंग्या

कोल्हारच्या त्या छोट्या हॉस्पिटलात चांदभाई आले ते टेम्पोवरून पडून, नडगी मोडूनच. सकाळी डॉक्टर सुहासांनी मांडीपासून पंजापर्यंत प्लास्टर घातलं आणि बाकीच्या पेशंटांच्या ऑपरेशनांना आत गेले. वॉर्डात राहिली नर्स भार्गवी, अन् खाटेशी चांदभाईंची बायको अख्तरी.

दुपारी चांदभाई म्हणाले, "सिस्टर, लई मुंग्या हायत."

भार्गवीनं वाकून पाहिलं. खाटेखाली खजुराचा डबा, तोही अर्धवट उघडा. म्हणजे मुंग्यांना आवतणच. तिनं डबा उचलला, फरशी पुसली, अख्तरीला दोन शब्द सुनावले आणि मोठी कामगिरी केल्याच्या थाटात निघून गेली.

सलाईन बदलायला आली तेव्हा तिनं सहज विचारलं, "चाचा, गेल्या का मुंग्या?"

"गेल्या. आता अंगठ्याला कायबी कळत न्हाई."

भार्गवी हसून वळली आणि तिथंच थबकली. मुंग्या प्लास्टरच्या आत, पायाला आल्या होत्या, आणि बाईसाहेब फरशी पुसत होत्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तिनं पांघरूण सारलं. बोटं सुजलेली, पांढरट, गार. अंगठ्याला चिमटा काढला. चांदभाई छताकडेच बघत राहिले. तोच अंगठा तिनं हळूच वर ताणला, तसे ते पोटरी धरायला धडपडले. आत पाय सुजून प्लास्टरमध्ये आवळला जात होता.

ती ऑपरेशनच्या दाराशी धावली आणि बाहेरूनच सगळं सांगितलं. आतून डॉक्टर म्हणाले, "प्लास्टर आत्ताच्या आत्ता काप. दोन्ही बाजूंनी, कापसासकट. मी आलोच."

कटर घुरघुरला तशी अख्तरीनं तिचा हात धरला. "ताई, हाड सरकंल."

"हाड परत बसवता येतं, चाची. पाय गेला तर गेला." तिनं हात सोडवून कटर टेकवला.

प्लास्टर दुभंगलं. आतला कापूसही तिनं कात्रीनं उभा चिरला. डॉक्टर आले, पावलावर बोटं ठेवून नाडी पाहिली. "लागतेय. पण जाणीव आली नाही तर लगेच ऑपरेशनला घेऊ."

भार्गवी अंगठा धरून बसली. आपल्या एका हलगर्जीपणानं या माणसाचा पाय जाणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं. नखावर हळूहळू लाली चढली, पण चिमटा काढला तरी चांदभाईंना कळेना.

"सिस्टर," बऱ्याच वेळानं ते घुटमळत म्हणाले, "रागावू नका. डबा तर खाली न्हाई. पन मुंग्या परत आल्यात."

भार्गवीला रडू फुटलं. "येऊ द्या, चाचा," ती म्हणाली. "लई येऊ द्या."