शुक्रवारच्या आत

हिरामणनं हातातला पाना जमिनीवर आपटला, तसा तो उसळून दिनेशच्या पायाशी जाऊन पडला.

"रेडिएटरचा पाइप तूच बसवला व्हता ना? मंग सांग, पाणी गेलं कुठं?"

"दाजी, पाइप नवाच हाय. क्लिप ढिली झाली. मी आवळली व्हती चांगली."

"आवळली व्हती तं ढिली कशी झाली?"

दिनेशनं पाना उचलून पुसला. तो हिरामणचा मेहुणा, त्याच्या बायकोचा, सविताचा धाकटा भाऊ. पेठच्या गॅरेजात काम करतो. निरोप मिळाला तसा हातातली गाडी सोडून तो पहिल्या बसनं आला होता, आणि आल्या आल्या बिचाऱ्याला हे ऐकावं लागत होतं. जीपचं बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं, रेडिएटर ओट्यावर, अंगणात जुन्या तेलाचा वास. मी दोर घेऊन, इंजिन उचलायला आणलेल्या सागाच्या बल्ल्यांपाशी उभा होतो. माझं घर शेजारीच, मधे नुसतं कुडाचं कुंपण. त्या घरात काही झालं आणि मला कळलं नाही, असं होत नाही.

जीप जुनी. पुंजाबाबानं, म्हणजे हिरामणच्या बापानं, ती पेठ ते नाशिक बरीच वर्षं चालवली. शिटा भरायचा, घाटात गाडी अशी उतरवायचा की मागं बसलेल्या बाईच्या मांडीवरचं पोर जागं होत नसे. मग त्याच्या किडन्या गेल्या. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला नाशिकला न्यायचं, दवाखान्यात मशीन रक्त धुऊन देतं, आणि दिवस मावळायच्या आत घरी आणायचं. आधी एष्टीनं नेऊन पाहिलं. परत येताना बाबा स्टँडवरच चक्कर येऊन पडला. तेव्हा जीप हिरामणनं हातात घेतली.

त्या मंगळवारी घाट चढताना इंजिन तापलं. गरमीचा काटा कधीचा बंद, त्यामुळं कळलंच नाही. जळका वास आला तोवर इंजिन जाम. मी गावातल्या बारकूचा ट्रॅक्टर घेऊन ओढायला गेलो, तर पुंजाबाबा रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेला आणि हिरामण चाकाला टेकून उभा. गावातली दुसरी जीप द्राक्षाच्या छाटणीला माणसं घेऊन निफाडकडं गेलेली. मशीनचा वार चुकला. सवितानं दवाखान्यात फोन लावला, तर तिकडून सांगितलं, शुक्रवारी आणाच, आणि तोवर पाणी अगदी घोटभर द्या.

सविता म्हणत होती, "सरकारी दवाखान्याची गाडी बोलवू."

"दम लागला तं बोलवूच," हिरामण म्हणाला. "पण ती एकदा येईल. दर मंगळवारी, दर शुक्रवारी येनार हाय का?"

म्हणून इंजिनच बदलायचं ठरलं. मालेगावला एका भंगारवाल्याकडं उलटलेल्या जीपचं चांगलं इंजिन पडून होतं. दिनेशनं फोनवरून, ओळखीनं ते मागवलं. लासलगावला कांदा टाकून येणारा टेंपो ते बुधवारी दुपारी आणणार होता. त्याच्या आत जुनं बाहेर काढायचं. गॅरेजात न्यायला गाडी चालत नव्हती, तेव्हा जे करायचं ते अंगणातच.

आणि बुधवारी सकाळी हे भांडण.

"मी जातो," दिनेश शेवटी म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. खाली बसून हत्यारं गोणपाटात गुंडाळायला लागला. "माझ्या हातावर भरोसा नसंल तं नवं इंजिन बी माझ्या हातानं नको बसवू."

सविता दारातून म्हणाली, "आवो, त्याला कशाला बोलता? तुमी सवताच तपासून निघाले व्हते ना?"

"तू गप."

"मी कशाला गप? माझा भाऊ हाय तो."

ओट्यावर बाजेवर पुंजाबाबा पडलेला. तोंडावर सूज, पाय भरलेले. उठून बसायलाच त्याला वेळ लागला. झुंबरबाईनं, त्याच्या बायकोनं, हात द्यायला पुढं केला, तो त्यानं बाजूला सारला.

"दिनेश," तो म्हणाला, "हत्यारं सोड. तुझी काय चूक नाय."

हिरामण वळला. "तुला काय म्हाईत, बा?"

"मला म्हाईत हाय. मंगळवारी सकाळी मी ओट्यावर बसलो व्हतो. गाडीखाली पाणी ठिबकत व्हतं. मी बघितलं."

"आन बोलला नाय?"

"नाय बोललो."

अंगणात सगळे जागच्या जागी थांबले. कोंबड्या तेवढ्या रेडिएटरखाली चोच मारत होत्या.

"मला जायचं नव्हतं त्या दिशी," पुंजाबाबा म्हणाला. दम लागत होता, म्हणून थांबून थांबून बोलत होता. "सुईची जागा सुजलेली. घसा कोरडा, तं पानी प्यायचं नाय. म्हनलं, वाटंत गाडी तापंल, थांबंल, आजचा दिवस सुटंल. इंजिनच बसंल असं नव्हतं वाटलं. मला वाटलं हिरामन थांबवंल." मग हिरामणकडं बोट करून म्हणाला, "तो माझ्यापायी छाटणीला गेला नाय. भात कापाया मानूस नाय. मी काय बांधून ठेवलंय त्याला."

हिरामण बापाकडं बघत राहिला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलून बसेल आणि जन्मभर ते निघायचं नाही. पण त्यानं पाठ फिरवली. कुडाचं फाटक उघडून ओहळाच्या बाजूला निघून गेला.

मी झुंबरबाईकडं बघितलं. ती नवऱ्याशेजारी उभी होती, पण तोंड दुसरीकडं.

दिनेशनं गोणपाट पुन्हा उलगडलं. "चंदरदादा," मला म्हणाला, "दाजी येस्तोवर सायलेन्सरचे बोल्ट सोडू. तेवढा टेकू धर."

आम्ही बोल्ट सोडले. गंजलेले, एकेकाला घासलेट पाजून, ठोकून. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावरून तोंडावर येत होतं. वायरी सोडवताना दिनेश प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधत होता, सविताच्या जुन्या लुगड्याची. बऱ्याच वेळानं हिरामण आला. तोंड धुतलेलं, डोळे लाल. बाजेकडं त्यानं बघितलंही नाही. सरळ गाडीखाली वाकला.

"कोनता बोल्ट राह्यला?"

"गेअरबॉक्सचे दोन," दिनेश म्हणाला. "वरचा लय आखडलाय."

"दे पाना."

बस, तेवढंच. माफी वगैरे कुणी मागितली नाही, पण दिनेशनं पाना हातात दिला आणि हिरामणनं दुसरा हात त्याच्या खांद्यावर टेकवून कंबर वाकवली, एवढं मी बघितलं.

तीन बल्ल्यांची तिकटी गाडीवर उभी केली, तिला चेनकप्पी टांगली. मी आणि हिरामण साखळी ओढत होतो, दिनेश इंजिनाला हात लावून वाट दाखवत होता. इंजिन वर आलं ते एकदम डोललं, एक बल्ली मातीत सरकली. "सोडू नका," दिनेश म्हणाला. साखळी हातात कापत होती. सविता धावत आली आणि सरकल्या बल्लीच्या बुडाला दगड लावून वर स्वतः बसली. आम्ही गाडी मागं ढकलली आणि ते मेलेलं धूड हळूहळू जमिनीवर उतरवलं.

टेंपो आला तेव्हा आभाळ त्र्यंबकच्या बाजूनं काळं झालं होतं. नवं इंजिन उतरवतो न उतरवतो तोच वारा सुटला. आता पंचाईत अशी की घरात ताडपत्री एकच. सविता आणि झुंबरबाईनं दोन दिवस राबून खालच्या वावरातलं भात कापलं होतं, ते तसंच पेंढ्या न बांधता पडलेलं. वर्षाचं खाणं ते. आणि इथं अंगणात इंजिन उघडं, गाडीचं तोंड उघडं.

हिरामणनं ताडपत्री हातात घेतली आणि नुसता उभा राहिला. एकदा वावराकडं बघे, एकदा गाडीकडं.

"गाडीवर टाक," झुंबरबाई म्हणाली.

"आये, भात..."

"भात मी बघते. टाक गाडीवर."

सासू-सुना डोक्यावर पोती घेऊन पळाल्या. मीही गेलो मागं. पाऊस आला तो असा आडवा की समोरचं दिसेना. कवळ्यात मावेल तेवढं भात उचलून आम्ही बांधावरच्या खोपीत टाकलं. अर्धं आलं, अर्धं राहिलं. झुंबरबाई खोपीत भिजलेल्या भातावर बसली आणि लुगडं पिळता पिळता मला म्हणाली, "चंदर, त्यानं गाडीखाली पानी ठिबकताना बघितलं आन बोलला नाय. मला तरी सांगायचं. मी काय त्याला मारून नेलं असतं का?"

सविता तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

गुरुवारी ऊन पडलं. भात वावरात पाण्यात बसलेलं, ते काढायला बायका गेल्या आणि आम्ही इंजिनाला लागलो. नव्या इंजिनाच्या एका बाजूची, गाडीच्या सांगाड्यावर बसायची पकड वेगळी निघाली. जुन्यावरची काढून त्याला लावली, त्यात सकाळ गेली. मग साखळीनं उचलून जागेवर नेलं, तर गेअरबॉक्सात काही केल्या शिरेना. बोटभर फट राहायची. दिनेशनं तिरकं करून बघितलं, पहारीनं हलवून बघितलं. इंजिन हवेत लोंबकळत आणि आमचे हात भरून आलेले.

पुंजाबाबाला त्या दिवशी आडवं पडलं की दम लागत होता, म्हणून भिंतीला टेकून बसवलेला. सवितानं सकाळी सरकारी गाडी बोलवायला दोनदा फोन हातात घेतला होता, पण बाबा म्हणे, "उद्या जायचंच हाय ना." आता तो तिथून म्हणाला, "गेअरात टाक. आन मागचा शाफ्ट हातानं फिरव. दाते जुळतील."

दिनेश हिरामणकडं बघायला लागला. कालपासून बाप-लेकात एक शब्द झाला नव्हता.

हिरामणनं गाडीत हात घालून गेअर टाकला. मग खाली शिरून शाफ्ट फिरवायला लागला. हळू, थोडा थोडा. दिनेश पुढून रेटत होता. आणि एकदाचा आवाज झाला, फट मिटली, इंजिन जागेवर बसलं.

"बसलं," दिनेश म्हणाला.

पुंजाबाबानं मान हलवली आणि डोळे मिटले.

वायरी जोडल्या, पाइप लावले, पाणी भरलं, तेल भरलं. क्लिप हिरामणनं स्वतः आवळली, मग दिनेशला म्हणाला, "तू बी एकदा बघ." डिझेलमधली हवा काढता काढता ऊन उतरलं. दोन-चारदा नुसतं कण्हलं, मग काळा धूर टाकून सुरू झालं. दिनेश बराच वेळ कान देऊन ऐकत राहिला. सविता चहा घेऊन आली, तेव्हा हिरामणनं पहिला कप उचलून दिनेशच्या हातात दिला.

शुक्रवारी उजाडताच मी गेलो, बाबाला धरायला माणूस हवा म्हणून. जीप दारात चालू करून ठेवलेली. आणि पुंजाबाबा बाजेवरून उठेना.

"मी नाय येत," तो म्हणाला. "ती गाडी आता पोटाला लावा. छाटणीला जा."

झुंबरबाई रडायला लागली. हिरामण जीपमधून उतरला, ओट्यावर आला आणि बापासमोर खाली बसला.

"बा, तुला नसंल यायचं तं मी उचलून नाय नेणार," तो म्हणाला. "तुझं दुखतं, ते मला दिसत नाय असं नाय. पन मला तोंडानं सांग. तू गप बसला आन मी दिन्याला बोललो. त्यानं काय केलं व्हतं? तू असाच गप बसून गेलास, तं मी पुढं कोनाला बोलू? आयेला बोलू का सविताला?"

पुंजाबाबानं बाजेचा काठ धरला. श्वास छातीत घरघरत होता.

"लय दुखतं रे," तो म्हणाला.

"हां."

"आन तुझा दिवस जातो."

"जाऊ दे. तो माझा हाय, मी बघीन."

पुंजाबाबानं सुजलेला हात पुढं केला. "धर. ह्या खेपेला येतो. पुढचं सांगंन."

घाटात हिरामणनं गाडी दमानं चढवली. मी मागं बाबाला टेकू देऊन बसलो होतो. तो बोलण्याच्या अवस्थेत नव्हता, डोळे मिटून होता. दवाखान्यात तिथल्या नर्सबाईंनी एकदा त्याच्या पायाकडं बघितलं, एकदा आमच्याकडं, आणि काही न विचारता त्याला आत घेतलं.

आम्ही बाहेर भिंतीच्या सावलीत बसलो. सविताचा फोन आला. भाताला कोंब फुटायला लागलेत, निम्मं गेल्यातच जमा, ती सांगत होती. हिरामण नुसता हां हां म्हणाला आणि फोन ठेवला. मग जीपमध्ये जाऊन स्टेअरिंगवर डोकं टेकवलं, तिथंच झोपला. हातांचं काळं अजून निघालेलं नव्हतं.

दुपार कलली तेव्हा बाबा बाहेर आला. चेहरा उतरलेला, पण श्वास मोकळा. मी हात द्यायला उठलो, तर नको म्हणाला. भिंत धरून, पाय टाकत तो जीपपाशी गेला. झोपलेल्या लेकाकडं खिडकीतून बराच वेळ बघत उभा राहिला. मग दोन बोटांनी त्याच्या खांद्यावर टकटक केलं.

हिरामण दचकून उठला. "झालं, बा?"

"झालं," पुंजाबाबा म्हणाला. "मंगळवारी येतो. त्याच्या पुढचं तवा सांगंन."

"बरं," हिरामण म्हणाला, आणि उतरून पलीकडचं दार उघडायला गेला.