वहिनींचा नंबर

घरातले पाचही मोबाइल एकाच प्लॅनवर होते आणि प्लॅन भावजींच्या नावावर. दर दोन वर्षांनी करार नवा केला की एक नवा फोन मिळे, तो घरात पाळीपाळीने. भावजी गोदामात स्टोअरकीपर. दिवसभर आला माल, गेला माल लिहिणारा माणूस घरी आला म्हणून थोडाच गप्प बसणार? महिन्याचं बिल आलं की चहाबरोबर त्याचं वाचन होई. कुणी कुणाला फार वेळा फोन केला की तिथे लाल पेन्सिलीची खूण.

"वहिनी, हा शेवटी सत्तावीसवाला कोण हो? अकरा वेळा?"

चेनवाला, असं वहिनी म्हणाल्या आणि घर हसलं. खरंच चेनवाला होता, दुकानाला कपड्यांच्या चेन पुरवणारा. पण तेव्हापासून त्या चेनवाल्याशीसुद्धा शेजारच्या दुकानातल्या फोनवरून बोलू लागल्या.

नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. वहिनींचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यांचा नंबर शटरवर रंगवलेला, प्रत्येक पावतीवर छापलेला. तो सोडणं म्हणजे गिऱ्हाइकं वाऱ्यावर सोडणं. दुकानाच्या वरची खोली रिकामी झाली होती. मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार होता. वहिनींचा हिशोब सरळ होता: आधी नंबर स्वतःच्या नावावर, मग खोलीवर बिऱ्हाड. उलटं केलं तर भावजी रुसणार आणि रुसलेला माणूस सही देत नाही.

मोबाइलच्या दुकानातल्या मुलीने बघून सांगितलं होतं, जुन्या फोनचा दोन वर्षांचा करार चौदा तारखेला संपतो. मग भावजींची एक सही, की नंबर मोकळा.

ती सही मागायची कशी, यात तीन आठवडे गेले. शेवटी भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "भावजी, चौदा तारखेला माझ्या नंबरचं तेवढं बघाल का?"

भावजींनी पेन्सिल कानावर अडकवली. "हे काय सांगायला हवं? आता तुमचाच नंबर आहे."

वहिनींना वाटलं, माणूस आपण समजतो तितका वाईट नाही. त्या रात्री नीट झोपल्या. दुसऱ्या दिवशी वरच्या खोलीच्या खिडकीचं माप घेऊन पडदाही शिवला.

बारा तारखेला भावजी खोकं घेऊन आले. फोन बाहेर काढलेला, वर काचही चिकटवलेली.

"लागला की नाही तुमचा नंबर? दोनदा तुमच्या पुतणीला पाळी दिलीत तुम्ही. या वेळी माझी होती, म्हटलं, राहू दे."

त्यांच्या स्वतःच्या फोनला रबरबँड होतं. करार खोक्यातच होता. वहिनींच्या नंबरावर नवी दोन वर्षं आणि खाली भावजींची सही. हवी होती तीच, कागद तेवढा दुसरा.

सांगायला वहिनींनी तोंड उघडलं. रबरबँडकडे बघितलं. छान आहे, म्हणाल्या.

मोबाइलच्या दुकानातल्या मुलीने खोकं पाहिलं आणि सील फुटलंय, आता फोन परत घेता येत नाही, असं सांगितलं. मुदतीआधी नंबर सोडवायचा तरी सही भावजींचीच. वरची खोली एका शिकवणीवाल्या बाईंनी घेतली. पडदाही त्यांनाच दिला, माप तर बसत होतं.

पुढच्या बिलाला भावजींची पेन्सिल वहिनींच्या पानावर घुटमळली.

"एवढा भारी फोन, आणि महिनाभरात एक खूण नाही? बोलत नाही का कुणाशी?"

"तुम्ही सगळे घरातच तर असता," वहिनी म्हणाल्या.

सगळे हसले. भावजींनी पान उलटलं.