डोळ्यांची आखणी

"खांड गेली गो, चंद्रे, खांड गेली!"

उधाणाच्या वाऱ्यावरून आलेली धन्याची ती हाक अजून चंद्रावतीच्या कानातून उतरली नव्हती. खाडीच्या बांधाला खांड पडली, ती बुजवायला तो धावला. पोटरीत आलेल्या भाताबरोबर खारं पाणी त्यालाही घेऊन गेलं.

त्याआधी गाव कोर्टात गेलं होतं. पावसाच्या आत सरकारनं बांध बांधून द्यावा, असा हुकूम झाला. गावानं पेढे वाटले. मग सभागृहात आमदार हैबतरावांनी हात वर केला, त्यांच्या पक्षानंही केला आणि नवा कायदा झाला: ज्याची जमीन, त्याचा बांध. हुकूम कागदावरच वाळला.

आज चतुर्थीची आदली सकाळ. हमरापुरात नितेशच्या मूर्तींच्या कारखान्यात हैबतरावांचा गणपती सजून बसला होता. पितांबर पिवळंजर्द, सोंडेवर लाली. डोळे मात्र कोरे. आखणी चंद्रावतीच्या हातची, आणि चंद्रावती कुंचला मांडीवर ठेवून बसलेली.

"काकी, गाडी येल आता," नितेश हात जोडत होता. "देवाशी कसला गो वैर?"

"देवाशी नाय रे. त्याला इचारूनच बसलंय."

गाडीतून हैबतराव स्वतःच उतरले.

"काय गो, देव आंधळा नेऊ काय मी?"

"आम्ही बांधाबिगर राहिलो. तुमचा देव डोळ्यांबिगर राहील."

हैबतराव हसले. "अस्सं! तू खाडीकाठची. अगो, कोर्टानंच राज्य चालवायचं, तर आम्हाला निवडून कशाला दिलंत?"

"कोर्टानं राज्य नाय मागितला, बांध मागितला. तवा तुम्ही हात वर केलात. आज माझा हात खाली हाय."

"नितेश, दुसरी कोण बघ रे!"

आजूबाजूला मूर्ती रंगवत बसलेल्या बायांनी एकेक करून आपले कुंचले पाण्यात सोडले.

हैबतरावांचा आवाज उतरला. "काय पायजे तुला?"

"बुडाला तो कोण, सांगा."

ते आठवू लागले. सांत्वनाला गेले होते, फोटोही निघाला होता. नाव मात्र ओठांवर येईना.

चंद्रावती उठली. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये. लग्नात उंबरठ्यावर उखाण्यात घेतलं, तेवढंच. पंचनाम्यालाही ती 'आमचे घरचे' एवढंच बोलली होती.

"शिवा," ती म्हणाली. "शिवा होता तो. म्हणा आता तुम्ही. मग आखते."