तामेकिचीची खोटी सही

तिसरी

तिसरी तलवार माझ्या वडिलांची होती.

हे मला ती उचलल्यावर कळलं. त्याआधी रीतीप्रमाणे मी तिच्यासमोर वाकले होते. म्हणजे माझ्याच घरातल्या वस्तूला देवळाच्या सभागृहात परक्यासारखा नमस्कार करून झाला होता. मग डाव्या हातावर रेशमी रुमाल घेतला, उजव्या हाताने मूठ धरली, पातं दिव्याखाली तिरकं केलं आणि पाठीजवळ तांदळाच्या दाण्याएवढा फोड दिसला. लोखंड घडवताना आत हवा राहिली की असा फोड येतो. लहानपणी आम्ही भावंडं त्यावरून भांडायचो. शुंजी म्हणायचा, तो उंदीर आहे. मी म्हणायचे, होडी.

शुंजी माझ्यापासून हातभर अंतरावर गुडघ्यांवर बसला होता आणि चौथ्या तलवारीकडे बघत होता. फार लक्ष देऊन. कान लालभडक.

उन्हाळ्यात त्याने मला फोनवर सांगितलं होतं, "ताई, तलवार घासायला पाठवलीय. वर्षभर तरी परत यायची नाही. चांगल्या माणसाकडे रांग असते."

मी तोंड उघडलं

आणि मिटलं.

पातं उघडं असताना आमच्या तलवार-अभ्यास मंडळात कुणी बोलत नाही. थुंकीचा कण उडाला तर तिथे गंज धरतो. माझ्या रागाला इथे कुणाची हरकत नव्हती, माझ्या थुंकीला होती. म्हणून हात स्थिर ठेवून मी जे बोलायचं ते आत बोलले:

विकलीस, शुंज्या, विकलीस तू ती (दिवा धारेलगतच्या पाण्याच्या रेघेवर घे, किनुयो, रेघ कशी उमटते बघ) बाबांचं वर्ष व्हायचंय अजून आणि तू (रेघ शांत आहे, मधूनमधून लवंगांसारखे उंचवटे) तू मला फोनवर रांग सांगतोस, रांग (आता टोकाकडे, सावकाश, मनगट वळू देऊ नकोस) आणि इथे साध्या लाकडाची मूठ चढवून लोकांच्या कोड्यात घालतोस तिला, आणि मी ओळखणार नाही असं वाटलं तुला, की मी येणारच नाही असं वाटलं, की दोन्ही (ठेव. हळू. धार स्वतःकडे.)

ठेवली. पुन्हा वाकले. रीत ती रीत.


कोडं

आमचा खेळ असा. पाच तलवारी मांडतात, त्यांतल्या चार कोड्याच्या. लोहाराचं नाव पात्याच्या बुंध्यावर कोरलेलं असतं आणि बुंधा मुठीत लपलेला असतो. नुसतं पातं बघून लोहार ओळखायचा, चिठ्ठीवर लिहायचा, परीक्षकाला द्यायचा. शेवटी परीक्षक मुठी काढतो आणि नावं दाखवतो. आमचे परीक्षक कुसाका; सगळे त्यांना मानाने सेन्सेई म्हणतात. निवृत्त दंतवैद्य, मंडळाचे अध्यक्ष, सत्तरी ओलांडलेले. त्यांचा आवाज अजून असा, की कुणालाही वाटावं आता 'आ करा' म्हणतील.

तिसरीच्या चिठ्ठीवर मी एक नाव लिहिलं. पहिली, दुसरी, चौथी यांचं काय लिहिलं ते आठवत नाही. पाचवी मी उचललीच नाही.


पडवी

चहाच्या सुट्टीत शुंजी बूट घालून सटकत होता. मी त्याला पडवीच्या कोपऱ्यात धरलं.

"कुणाला?"

"ताई, हळू बोल."

"कुणाला विकलीस?"

"सेन्सेईंना. आणि विकली काय विकली! त्यांनी मागितली. सेन्सेईंना नाही कसं म्हणायचं?"

"'ना' म्हणायचं, मग 'ही' म्हणायचं. घासायला पाठवलीय म्हणालास मला."

"ते पाठवणारच आहेत. म्हणजे अगदीच खोटं नाही बोललो."

"वा! अर्धं खोटं. पणजोबांवर गेलास."

तो हसायला लागला, मग माझं तोंड बघून थांबला. "तुझ्या त्या दोन खोल्यांत तिची निगा कोण राखणार होतं? दिवसभर तू औषधांच्या दुकानात."

"बाबांचे हात थरथरायला लागल्यापासून तिला तेल मीच लावत होते. तू किती वेळा आलास? डबीत तेल कुठलं असतं ते तरी सांग."

"लवंगेचं."

"डबीवर लिहिलंय ते. पुढे बोल. आणखी काय केलंयस?"

त्याने बागेतल्या पर्सिमनच्या झाडाकडे बघितलं. फळं पिकून लोंबत होती, कावळे चोची मारत होते. "पुढच्या आठवड्यात सेकी गावी एका कारागिराकडे जाणार आहे ती. सही घालवायला."

"घालवायला म्हणजे?"

"आता तू मला विचारणार? कानस मारून. खोट्या सहीच्या तलवारीला दाखला मिळत नाही. सही गेली की पातं खरं आहे, जुनं आहे, त्याला घराण्याचा रीतसर दाखला मिळेल. सगळे करतात, ताई. स्वच्छताच आहे ती एक प्रकारची."

मला माहीत होतं. सगळे करतात हेही माहीत होतं. मी स्वतः दुसऱ्यांच्या तलवारींबद्दल मान डोलावून 'बरं झालं, साफ झाली' म्हटलेलं आहे.

पण ही सही तामेकिचीची होती.

तामेकिची आमचे पणजोबा. तलवारी बांधून हिंडायला बंदी आली, तेव्हा ते ऐन तिशीतले लोहार होते. मग विळे केले, भाजी चिरायच्या सुऱ्या केल्या. घणाखाली उजव्या हाताची बोटं गेली, तेव्हा तेही संपलं. डावा हात राहिला. मग व्यापारी बिननावाची जुनी पाती घेऊन यायला लागले. उजव्या तळव्याला छिन्नी बांधून, डाव्या हाताने तिच्यावर हातोडी मारून तामेकिची त्यांवर थोरामोठ्यांची नावं कोरायचे. त्यावर घर चाललं. आमची आजी त्यावर वाढली. ती या घरात सून होऊन आली तेव्हा बापाच्या हातची सही असलेलं एवढं एकच पातं सोबत घेऊन आली. त्यांचा एक विळा उरलेला नाही, एक सुरी नाही. त्यांनी घडवलेली एक तरी तलवार कुठे आहे का, कुणास ठाऊक. उरली ती ही अक्षरं, दुसऱ्याच्या नावाची.

बाबा सांगायचे, "लोक पात्यासाठी तलवार ठेवतात. आपण बुंध्यासाठी ठेवलीय."

"शुंजी, ती अक्षरं कुणाची आहेत ते सेन्सेईंना सांगितलंस?"

"वेडी आहेस का? भर मंडळात सांगू, आमच्या घरात बनावट सह्यांचा कारखाना होता म्हणून?"

आत घंटा वाजली.


मूठ

सेन्सेई चिठ्ठ्या वाचत होते. पहिलीला बऱ्याच जणांचा नेम लागला. दुसरीला ओबाताने, आमच्या दारूवाल्याने, दोनशे वर्षं अलीकडचा लोहार लिहिला होता.

"ओबाता-सान, डोळे तपासून घ्या."

"डोळे ठीक आहेत, सेन्सेई, रात्रीचा माल चाखावा लागतो ना धंद्यात."

हशा.

"तिसरी. हागिवारा किनुयो-सान..." सेन्सेईंनी चष्मा वर केला. "तामेकिची? या नावाचा लोहार कुठल्या घराण्यात झाला?"

"जुना प्रियकर असेल," ओबाता म्हणाला.

"मूठ काढा," मी म्हणाले. "मग सांगते."

सेन्सेईंनी बांबूची खुंटी ठोकून काढली, मूठ सोडवली, तलवार पांढऱ्या कापडावर ठेवली. तांबूस-काळ्या गंजात अक्षरं: ओसाफुने नोबुकागे. माझा श्वास सुटला. अजून होती.

"ही मुद्दाम ठेवलीय," सेन्सेई म्हणाले, "पुसण्याआधी तुम्हाला शिकायला मिळावं म्हणून. जवळ या. आडव्या रेघा बघा. छिन्नी शिरते तिथे खड्डा खोल असतो, निघते तिथे उथळ. उजव्या हाताचा माणूस डावीकडून उजवीकडे जातो, आणि नोबुकागे उजव्या हाताचा. इथे काय दिसतंय? उलटं. प्रत्येक रेघ उजवीकडून डावीकडे. कुणीतरी डावखुरा भामटा. नाव चोरता आलं, पण हात लपवता आला नाही."

सगळे हसले. शुंजीही हसला. चांगले दात दाखवून.

"भामटा नव्हे, माझे पणजोबा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग मी सगळं सांगितलं: बोटं, विळे, आजी. शुंजी चटईच्या विणीत तोंड घालायच्या बेतात होता.

सेन्सेईंनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी मान झुकवली. "कठीण दिवस होते ते. मला खरंच वाईट वाटतं. पण हागिवारा-सान, पात्यावर खोटं नाव म्हणजे पातं घडवणाऱ्याचा अपमान. आणि नोबुकागेचाही. खोटं ते खोटं. ते मला पुसलंच पाहिजे."

इतक्या नम्रपणे. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

"मग पाचवीचीही मूठ काढा," मी म्हणाले.


पाचवी

पाचवी सेन्सेईंची स्वतःची. ती कोड्यात नसतेच. दर वर्षी ते ती शेवटी मांडतात, पहिल्या दर्जाचा दाखला चौकटीत बसवून शेजारी ठेवतात आणि सगळे नमस्कार करतात. त्यांच्या गुरूंनी मरताना दिलेली. दुसऱ्याच लोहाराचं नाव आहे तिच्यावर, नोबुकागेपेक्षा मोठं.

बुंधा त्यांनी आम्हाला एकदाच दाखवला होता. बाबा तेव्हा अक्षरांकडे बघून माझ्या कानात म्हणाले, "ही पण आपल्याच घरातली. गप्प बस." आणि आम्ही गप्प बसलो. का? म्हाताऱ्याचं तोंड काळं होऊ नये म्हणून. चांगुलपणा म्हणून. शरम वाटत होती म्हणून.

आता माझा हिशेब सरळ होता. म्हातारा मूठ काढणार नाही. वेळ झाली म्हणेल, खुंटी घट्ट बसलीय म्हणेल. मग मी बाहेर गाठून सांगेन: माझी परत करा, तुमच्याबद्दल मी बोलणार नाही. शुद्ध धमकी. मला त्याची लाज वाटत नव्हती. मी त्यांच्या लबाडीवर भरवसा ठेवला होता.

त्यांनी मूठ काढली.

दिव्याखाली वाकले. बराच वेळ. आधी तिसरी, मग पाचवी, मग पुन्हा तिसरी.

"उजेड जरा कमीच—" ओबाता म्हणाला.

"ओबाता, गप्प बसा."

सेन्सेई सरळ होऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "उजवीकडून डावीकडे," ते म्हणाले. "कागद मिळाल्यापासून मी हिच्याकडे शिकल्यासारखं कधी बघितलंच नाही." मग कुणालाच उद्देशून नाही असं विचारलं, "गुरुजींना ठाऊक असेल का?"

त्यांनी चौकट उचलून दाखला जमिनीकडे तोंड करून ठेवला.

"दोन्ही जातील," ते म्हणाले. "एकाच दिवशी."

"काय?"

"माझ्या घरात खोटं आहे हे तुम्ही मला दाखवलंत. आभारी आहे." आणि त्यांनी माझ्यापुढे कपाळ चटईला टेकवलं. त्या टकलावर काहीतरी आपटावं असं मला वाटलं. कापडावरची तिसरी तलवार मी उचलली, मुठीशिवाय, उघडा बुंधा हातात धरून. तामेकिचीची अक्षरं माझ्या तळव्यात रुतली.


हात

दिली नाही.

सांगायचं तर एवढंच आहे, पण त्यात अर्धी दुपार गेली. आमच्यात तलवार एकाकडून दुसऱ्याकडे जाते ती देणाऱ्याने दिली तर. उघडी तलवार कुणाच्या हातून ओढून घेता येत नाही; बोटं जातात. माझ्या शेजारी बसलेल्याने हात पुढे केले, मी बघत राहिले, त्याने हात मागे घेतले.

"ताई, दे ना."

"ये. घे."

शुंजी अर्धा उठला आणि बसला.

"ही पुसणार नाही असं इथे सगळ्यांसमोर सांगा," मी सेन्सेईंना म्हणाले.

"थुंकी, थुंकी उडतेय!" ओबाता सवयीने कळवळला.

"उडू दे!"

कुणीतरी चहा आणला. कुणी प्यायलं नाही. दोघं जण बायकोचा फोन आला असं सांगून गेले. सेन्सेई समोर बसून होते, हात मांड्यांवर. शेवटी म्हणाले, "ती तुम्ही न्या. ती तुमच्याच घरची. शुंजी-सान, आपला व्यवहार रद्द. पाचवी मात्र सेकीला जाईल."

"तीही त्यांच्याच हातची आहे. ती मला द्या."

"खोटी वस्तू मी कुणाला देत नाही."

"मग पुसू नका. पेटीत ठेवा. कुणाला दाखवू नका."

"मला माहीत असेल ना," ते म्हणाले.

लबाड असते तर दोन्ही वाचल्या असत्या. एवढंच मला त्यांच्याबद्दल म्हणायचं आहे, आणि ते चांगलं म्हणून म्हणत नाही. पाचवीची मूठ चढवण्याआधी त्यांनी अंगठा त्या अक्षरांवरून एकदा फिरवला. उजवीकडून डावीकडे. मग खुंटी ठोकली.

गाडीजवळ शुंजी म्यान घेऊन उभा होता. मी ते हिसकावून घेतलं.

"एक तरी वाचली ना, ताई?"

"सकाळी दोन होत्या," मी म्हणाले, आणि दार आपटलं.