बेट जवळ येतंय

मी एक जुना पिवळा बोया आहे. बोया म्हणजे समुद्रात तरंगत ठेवलेला पोकळ गोळा. पोकळ म्हटल्यावर हसू नका, मित्रांनो. सुट्टीच्या दिवशी माझ्याभोवती जी माणसं होड्या मिरवत फिरतात, त्यांच्या मानाने मी चांगला भरीव आहे.

माझा जन्म कारखान्यातला. दोन अर्धगोल चिकटवून मला तयार केलं आणि टाकीत पाण्याखाली दाबून धरलं. एकही बुडबुडा आला नाही, तेव्हा तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "हा ठणठणीत आहे, पाठवा." आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच.

पुढे मला एका बेटाजवळ आणून सोडलं. त्या बेटावर समुद्रपक्षी उघड्या वाळूतच अंडी घालतात, म्हणून माणसांना तिथे जायला बंदी. बेटाची राखण एक बाई करते. तिने आम्हा पिवळ्या बोयांची रांग बेटाभोवती लावली. अर्थ साधा: इथून पुढे येऊ नका. होड्या बांधायला रांगेबाहेर मोठे पांढरे बोये आहेत, त्यांच्या साखळ्या जाड आणि तळाशी दांडगे दगड. मी नुसती खूण. माझ्याखाली बादलीएवढा सिमेंटचा गोळा, मला जागेवर धरून ठेवण्यापुरता.

एवढंसं काही त्या लोकांच्या टाळक्यात शिरेल तर शपथ. उन्हाने माझा रंग उडाला, पोटाला शेवाळ धरलं, त्याबद्दल मी समुद्राला बोल लावत नाही. पण रिकाम्या बाटल्यांनी माझ्यावर नेम धरणारे, "बेटावर असं काय सोनं पुरलंय?" म्हणून मोठ्याने विचारणारे आणि उत्तर ऐकायच्या आत गाणी लावणारे... जाऊ द्या. एकाचंच सांगतो.

त्याच्या टोपीला सोनेरी दोरी होती, म्हणून मी त्याला कप्तान म्हणतो. दुसरं काही कारण नाही. भर दुपारी तो बायको आणि आईला घेऊन आला आणि थेट माझ्या कडीत दोर ओवू लागला.

"ते पांढरे मोकळे आहेत की रे," आई म्हणाली.

"ते लांब आहेत, आई. इथून पक्षी कसे छान दिसतात!"

गाठ तर अशी मारली, जणू जुन्या कपड्यांचं गाठोडं बांधतोय. वारा बेटाकडे वाहत होता. होडीने तिकडे ओढ घेतली आणि माझा सिमेंटचा गोळा तळाच्या वाळूवरून घसरू लागला.

आई संत्रं सोलत होती. सोलता सोलता थांबली. "अरे, बेट जवळ येतंय."

"बेट कधी चालत येतं का, आई?"

"ते नसेल येत, तर मग आपण चाललोय."

"आपण बोयाला बांधलेले आहोत. तो बघ बोया. मघाशी जेवढा लांब होता तेवढाच आहे. हलला का?"

"आईंना भोवळ येत असेल," सून म्हणाली. "पाण्याची सवय नाही ना त्यांना."

मित्रांनो, त्याच्याच दोराने त्याच्याच होडीमागे फरफटणारा मी, दुसऱ्या कुठल्या अंतरावर असणार होतो? बकरीला दोरीने ओढत न्यायचं आणि मागे वळून म्हणायचं, बघा, बकरी जागची हलली नाही! कप्तानाने टोपी तोंडावर ओढली आणि आडवा झाला.

थोड्याच वेळात बेटावरचे पक्षी कल्ला करत उडाले. राखणदार बाई आपली छोटी होडी वल्हवत धावून आली. कप्तान दचकून उठला आणि इंजिनाकडे झेपावला.

"हात लावू नका त्याला!" बाईचा आवाज दबलेला, पण धारदार. "आवाजाने उरलेलेही उडतील. ऊन बघताय ना? अंड्यांवर सावली धरायला कुणी नसलं, तर पिल्लं आतल्या आत भाजतील."

"मग मी काय करू?"

"काय करू काय?" आई कडाडली. "उतर खाली. ढकल."

"आई, माझे बूट..."

"बूट भिजतील. तू काही विरघळत नाहीस."

कप्तान छातीभर पाण्यात उतरला. बाईने पुढून ओढलं, त्याने मागून ढकललं. टोपी तेवढी वाऱ्याबरोबर बेटाकडे वाहून गेली. होडी दूर गेली तसे पक्षी खाली येऊ लागले. एक पक्षीण तेवढी घिरट्या घालत राहिली. आई तिच्याकडे टक लावून पुटपुटत होती, "बस गं बाई, बस खाली." शेवटी ती बसली. त्या अंड्याचं पुढे काय झालं, ते पाण्यावरून मला दिसत नाही.

नंतर बाईने मला पुन्हा रांगेत जागेवर नेलं, माझं शेवाळ खरवडलं, मला नवा रंग दिला. म्हणाली, "ऐकलंस का? धक्क्यावर तो सांगत सुटलाय, बोयाच खराब होता म्हणून." मग तिने माझ्या अंगावर काळ्या अक्षरांत लिहिलं: इथे होडी बांधू नये.

आता लोक ते वाचायला जवळ येतात. आणि वाचून होईपर्यंत होडी हलू नये म्हणून मलाच बांधतात.

तेव्हा मित्रांनो, मोठे होऊन होडी घ्याल तर एवढं करा. पांढऱ्या बोयापर्यंत जायचे कष्ट घ्या. आणि होडीतली म्हातारी म्हणाली की बेट जवळ येतंय, तर माझ्याकडे बघू नका. बेटाकडे बघा.